सीडी राइट झाली, पण वाचता येते का?

घरच्या कॉम्प्युटरवर मराठी पुस्तकांचं डीटीपी (अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी) करणाऱ्या माझ्यासारख्यांच्या टेबलावर सीडी रायटर आला तो २००० सालच्या आगेमागे. त्याआधी काम पोचवायचं ते १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर. पुस्तकात चित्रं असली की फाइल झिप करायची, तिचे तुकडे पाडायचे, फ्लॉप्यांवर क्रमांक घालायचे, आणि त्यातली एक जरी बिघडली तरी अख्खं पुस्तक अडकायचं. त्यामुळे ६५० एमबीची चकती घरीच लिहिता येणार म्हटल्यावर मोठा आधार वाटला. मी साताऱ्यात, शाहूपुरीत राहते. प्रकाशक बहुतेक पुण्याचे. पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅमच्या फाइली आणि चित्रं एका सीडीवर घालायची, पाकीट एसटीच्या पार्सलला द्यायचं, पुढे स्वारगेटला प्रकाशकांचा माणूस ते उतरवून घ्यायचा.

पण सीडी लिहिणं म्हणजे फ्लॉपीवर फाइल कॉपी करणं नव्हे, हे लवकरच कळलं. तेव्हापासून आजपर्यंत या कामात मी एकच गोष्ट धरून बसले आहे: स्क्रीनवर ‘राइट पूर्ण झालं’ असं आलं की काम अर्धं झालेलं असतं. लिहिलेलं वाचता येतं का, दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये वाचता येतं का, आणि काही वर्षांनी वाचता येईल का, हे तीन प्रश्न त्यानंतर सुरू होतात. लेखकाचं हस्तलिखित परत गेलेलं असतं, छपाईसाठी काढलेली ट्रेसिंग फाटून जातात, मग पुस्तकाची उरलेली एकमेव प्रत ती चकतीच असते. म्हणून मला हे सगळं इतकं जिव्हाळ्याचं वाटतं.

पहिला रायटर ८-एक्सचा होता. एक एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, म्हणजे आठला १२०० केबी. रायटरच्या पोटात बफर, म्हणजे लिहायचा डेटा क्षणभर साठवायची जागा, होता २ एमबीचा. हिशोब केला तर हार्डडिस्ककडून येणारा डेटा पावणेदोन सेकंद जरी थांबला तरी बफर रिकामा. आणि त्या काळच्या रायटरमध्ये लेझर एकदा चालू झाला की मध्ये थांबून पुन्हा तिथूनच सुरू करायची सोय नव्हती. बफर रिकामा झाला की ‘बफर अंडररन’ असा संदेश यायचा आणि ती सीडी कायमची बाद. सीडी-आरवरचा, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवरचा, रंगद्रव्याचा थर लेझरने एकदा भाजला की तो पूर्ववत होत नाही.

हे व्हायला कारण अगदी किरकोळ पुरायचं. स्क्रीनसेव्हर सुरू झाला. अँटिव्हायरसने ठरल्या वेळी तपासणी काढली. मोडेमवर कोणाचा तरी फोन आला. आमच्या कामात आणखी एक अडचण: बालसाहित्याच्या पुस्तकात शेकडो छोट्या रेखाचित्रांच्या फाइली असतात. एक मोठी फाइल हार्डडिस्क सलग वाचते, पण पन्नास-पन्नास केबीच्या शेकडो फाइली गोळा करताना तिचं डोकं सारखं इकडून तिकडे पळतं आणि वेग पडतो. तेव्हा मी पद्धत ठरवून टाकली. आधी सगळ्याची एक इमेज फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एकच मोठी फाइल, हार्डडिस्कवर तयार करायची, हार्डडिस्क डीफ्रॅग करायची (फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावायचे), बाकी सगळं बंद करायचं, टेलिफोनची वायर काढून ठेवायची आणि ४-एक्सवर लिहायचं. पूर्ण भरलेली सीडी वीस मिनिटं घ्यायची. तेवढा वेळ कीबोर्डला हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

२००० मध्ये सान्योने ‘बर्न-प्रूफ’ आणलं, रिकोचं ‘जस्टलिंक’ही त्याच सुमाराचं. डेटा कमी पडला तर लेझर थांबवायचा, नेमकी जागा लक्षात ठेवायची, आणि बफर भरला की तिथूनच पुढे लिहायचं. नंतर बाजारात आलेल्या जवळजवळ प्रत्येक रायटरमध्ये असं काहीतरी असायचंच. माझा दुसरा रायटर ५२-एक्सचा, या सोयीचा. वाटलं, आता प्रश्न मिटला.

तो मिटला नाही, त्याचं रूप बदललं. काही महिन्यांनी लक्षात आलं की पाच मिनिटांत होणारी सीडी पंधरा मिनिटं घेते आहे. बफरची पट्टी सारखी शून्यावर येते, पुन्हा चढते. माउस अडखळतो. सीडी शेवटी ‘यशस्वी’ होते, पण लेझर अनेकदा थांबून सुरू झालेला असतो आणि प्रत्येक थांब्याशी एक सांधा राहतो. चांगल्या चकतीवर, धडधाकट ड्राइव्हमध्ये ते सांधे निभावतात. हलक्या चकतीवर आणि जुन्या ड्राइव्हमध्ये तिथेच अडखळायला होतं.

हार्डवेअर दुरुस्त करणारा मुलगा आला, त्याने रायटरच बदला म्हणून सांगितलं. मला ते पटेना, कारण रायटर नवा होता. मग डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘सेकंडरी आयडीई चॅनल’चे, म्हणजे रायटर ज्या जोडणीवर होता तिचे, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज पाहिले. तिथे ‘डीएमए इफ अव्हेलेबल’ निवडलेलं होतं, पण खाली चालू मोड दिसत होता ‘पीआयओ’. डीएमएमध्ये ड्राइव्ह आणि मेमरी यांच्यातली देवाणघेवाण परस्पर होते. पीआयओमध्ये प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतःच्या हाताने भरवावा लागतो. म्हणून माउस अडखळत होता, म्हणून बफर रिकामा होत होता.

हे आपोआप कसं झालं? विंडोज एक्सपीची रचना अशी होती की एखाद्या आयडीई ड्राइव्हकडून वाचताना वारंवार चुका आल्या, वेळ टळून गेली, की ती त्या ड्राइव्हचा मोड एकेक पायरी खाली आणत जायची, आणि शेवटी पीआयओवर येऊन थांबायची. सहा चुका साठल्या की एक पायरी खाली. त्यानंतर ड्राइव्ह सुधारला तरी ती स्वतःहून परत वर न्यायची नाही. आमच्याकडे लेखक जुन्या फोटोंच्या ओरखडलेल्या सीड्या घेऊन यायचे, त्या मी याच रायटरमध्ये वाचायचे. एक खराब सीडी वाचायचा हट्ट धरला की पुढच्या चांगल्या सीड्यांचं लिहिणं बिघडायचं, आणि दोन्हींचा संबंध कोणाच्या ध्यानात येणं कठीण होतं. उपाय सोपा निघाला: तो चॅनल डिव्हाइस मॅनेजरमधून अनइन्स्टॉल करायचा आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. विंडोज तो नव्याने ओळखते आणि डीएमए परत येतं. रिबन केबल पिचलेली होती, तीही बदलली. तेव्हापासून बाहेरून आलेल्या सीड्या वाचायला वेगळा साधा सीडी-रॉम ड्राइव्ह बसवून घेतला. रायटर फक्त लिहिण्यापुरता.

आता चकत्यांबद्दल. यावर मी खूप वेळ घालवला, आणि तो योग्य जागी गेला असं मला वाटतं.

कोऱ्या सीड्या पन्नासच्या डब्यात मिळायच्या. पुण्याला गेले की तपकीर गल्लीतून आणायचे. तिथे एकाच दुकानात तीन-चार भावांच्या चकत्या असायच्या आणि नुसत्या बघून फरक कळायचा नाही. पण उलट्या करून उजेडात धरल्या की कळतो. खालचा रंग म्हणजे आतल्या रंगद्रव्याचा आणि त्यामागच्या चकचकीत थराचा मिळून दिसणारा रंग. सायनिन असेल तर हिरवट-निळसर, अझो असेल तर गडद निळी, थॅलोसायनिन असेल तर फिकी, जवळजवळ रंगहीन, मागे सोन्याचा थर असला तर सोनेरी. सायनिन उजेडाला सगळ्यांत नाजूक. थॅलोसायनिन टिकाऊ, पण लेझरची ताकद नेमकी लागते. सीडी-आरची सुरुवातच तैयो युडेन या जपानी कंपनीच्या सायनिन चकत्यांपासून झाली, १९८८ मध्ये. आणि त्या कारखान्याच्या चकत्या इतक्या काळजीने बनवलेल्या असायच्या की नाजूक रंगद्रव्य असूनही त्या उत्तम टिकल्या. म्हणजे नुसत्या रंगावरून निकाल देता येत नाही, कारखाना बघावा लागतो.

डब्यावरचं नाव आणि आतला कारखाना एकच असेल असं नाही. हे कळायची सोय मात्र चकतीतच असते. कोऱ्या सीडीवर आधीपासून एक नागमोडी खाच असते, तिच्यात एटीआयपी नावाची माहिती कोरलेली असते: क्षमता किती, लेझरची ताकद साधारण किती ठेवावी, बनवणारा कोण. ती वाचून दाखवणारे छोटे प्रोग्रॅम फुकट मिळायचे. डीव्हीडीच्या बाबतीत इमगबर्न हा प्रोग्रॅम ते सरळ खिडकीतच दाखवतो; ‘टीवायजी०२’ किंवा ‘एमसीसी ००४’ असा चांगल्या कारखान्याचा कोड दिसला की मी तो डबा पुस्तकांच्या कायमच्या प्रतींसाठी बाजूला ठेवायचे. बाकीचे पुण्याला पाठवायच्या तात्पुरत्या कामाला. दुकानदाराला हे विचारलं तर तो म्हणायचा, “ताई, सगळ्या सारख्याच असतात.” त्या सारख्या नसतात. नवीन डबा आणला की त्यातली एक चकती लिहून, तपासून मगच बाकीच्या वापरायच्या, हा नियम मी अजून मोडलेला नाही.

लिहायला सुरुवात करताना रायटर आधी चकतीच्या अगदी आतल्या कडेला, डेटाच्या जागेच्याही आत, लेझरची ताकद तपासून बघतो. ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ हा संदेश तिथून येतो. म्हणजे रायटरला या चकतीसाठी योग्य ताकद सापडली नाही. हा संदेश आला की माणसं रायटर खराब झाला म्हणून मोकळी होतात. बऱ्याचदा चकती त्या वेगाला झेपणारी नसते, किंवा लेन्सवर धूळ असते. मी क्रमाने आधी वेग कमी करते, मग दुसऱ्या कारखान्याची चकती लावते, मग हवेच्या फुग्याने लेन्सवर हलकीशी हवा मारते. तिन्ही करूनही तेच आलं तर लेझर म्हातारा झाला असं समजायचं. ४८-एक्सच्या चकतीवर १६-एक्सने लिहिलेलं मला सगळ्यांत निर्धोक वाटत आलं आहे. अगदी १-एक्स, २-एक्सपर्यंत खाली जाण्यात मात्र फायदा नाही. वेगवान चकत्यांचं रंगद्रव्य वेगवान लिहिण्याच्या हिशोबानेच घातलेलं असतं.

वेगाचा प्रश्न आमच्याकडे आणखी एका कारणाने बिकट झाला होता. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रातल्या गावांनी भारनियमनात काढली. वेळापत्रक ठरलेलं असायचं, पण वीज त्याआधीही जायची. ६०० व्हीएचा यूपीएस होता. त्यावर कॉम्प्युटर आणि सतरा इंची जुना काचेचा मॉनिटर मिळून दहा मिनिटं निघायची, बॅटरी जुनी झाल्यावर त्याहून कमी. बफर अंडररनमधून वाचवणारं तंत्रज्ञान वीज गेल्यावर उपयोगाचं नाही, कारण मशीनच बंद पडतं. मग वीज आल्यावर तासभर थांबून, यूपीएस पूर्ण भरू देऊन सुरुवात करायची. वीज मध्येच गेली तर पहिल्यांदा मॉनिटरचं बटण बंद करायचं. नुसता मॉनिटर बंद केल्याने यूपीएसला आणखी बरीच मिनिटं मिळतात, कारण तो बरीच वीज खातो. अंधारात रायटरचा हिरवा-नारिंगी दिवा बघत बसायचं, ट्रे बाहेर आला की मशीन बंद करायचं. पडताळणी वीज आल्यावर.

पुण्याहून येणारे फोन हा याच कामाचा दुसरा भाग होता. “ताई, सीडी उघडत नाही हो. नुसती फिरते.” असं ऐकलं की पोटात गोळा यायचा, कारण पुस्तक छपाईला लागलेलं असायचं आणि दुसरी सीडी पोचायला पुढची एसटी.

त्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ सेशनमध्ये असायचं. सीडीवर थोडं लिहून जागा शिल्लक ठेवता येते, नंतर त्यात भर घालता येते. याला मल्टिसेशन म्हणतात. प्रत्येक सेशनला स्वतःची सुरुवात आणि शेवट लिहावा लागतो. पहिल्या सेशनला त्यापायी साधारण २२ एमबी जातात, पुढच्या प्रत्येकाला १३-१४. जागा जाते हे एक. मोठी अडचण अशी की सेशन बंद केलेलं नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरला ती सीडी कोरीच दिसते, आणि नवीन सेशनमध्ये जुनं सेशन जोडून घेतलं नसेल तर फक्त शेवटचं दिसतं. कोणीतरी दुरुस्त केलेलं एकच प्रकरण वाढवून पाठवतं आणि उघडणाऱ्याला वाटतं, बाकीचं पुस्तक गेलं. पुढे विंडोज व्हिस्टा आणि सात आल्यावर ‘पेनड्राइव्हसारखी वापरा’ असा पर्याय आधीच निवडलेला असायचा. त्या पद्धतीने लिहिलेली सीडी आपल्याकडे छान उघडते आणि प्रेसमधल्या जुन्या मशीनवर उघडत नाही. मी बाहेर जाणारी प्रत्येक सीडी एकाच सेशनमध्ये, शेवट करून, पूर्ण बंद करून देते. दुरुस्ती असेल तर नवीन सीडी. एक चकती वाया गेली तरी चालेल, छपाईचा दिवस वाया जायला नको.

विंडोज ९८ वापरणाऱ्या एका प्रकाशकांकडे निराळंच. सीडी उघडायची, फाइली कॉपी व्हायच्या, पण पेजमेकरमध्ये दुरुस्ती केली की सेव्ह होईना. सीडीवरून उतरवलेल्या फाइलींना ‘रीड ओन्ली’ची खूण तशीच चिकटून येते, ती काढावी लागते. फोनवर त्यांच्या ऑपरेटरला फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ती टिकमार्क काढा, असं सांगितलं आणि काम पुढे सरकलं.

पण सगळ्यांत अडवणारा प्रकार मुखपृष्ठाचा. रंगीत काम, निगेटिव्ह काढणं हे तेव्हा बहुतेक मॅकवर चालायचं. मी पाठवलेल्या सीडीत चित्रांना नीट लांब नावं दिलेली: पुस्तकाचं नाव, प्रकरण, डावं-उजवं. तिकडून फोन आला की सगळ्या फाइलींची नावं आठ अक्षरांची, इंग्रजी कॅपिटलमधली, आणि कुठलं चित्र कुठलं हे कळत नाही. याचं कारण सीडीवर फाइलींची यादी दोन पद्धतींनी लिहिलेली असते. मूळची पद्धत आयएसओ ९६६०, तिच्या कडक रूपात नाव आठ अक्षरं आणि पुढे तीन. लांब नावांची यादी वेगळी असते, तिला जोलिएट म्हणतात, ६४ अक्षरांपर्यंत चालते. विंडोज जोलिएट वाचते. त्या काळचं मॅक ओएस ९ स्वतःहून ती वाचत नसे, त्याला फक्त आठ-तीनवाली यादी दिसायची. नावं कापली गेल्यामुळे पानांत जोडलेली चित्रंही सापडेनात. तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या फाइलींना आठ अक्षरांच्या आत, इंग्रजी लिपीत, जागा न सोडता नाव द्यायचं आणि कुठल्या नावात काय आहे याची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून सीडीतच ठेवायची. ती यादी छापून पाकिटातही. आज ही बंधनं उरलेली नाहीत, पण यादी मी अजूनही ठेवते.

डीव्हीडी आल्यावर मी त्यात लगेच उडी घेतली नाही. ४.७ जीबी लिहिलेलं असतं ते कंपन्यांच्या हजाराच्या मापाने. विंडोज १०२४च्या मापाने मोजते आणि ४.३८ दाखवते. शिवाय डॅश-आर आणि प्लस-आर असे दोन पंथ, जुन्या ड्राइव्हना एखादाच चालणारा. चकतीची बांधणी मात्र डीव्हीडीची जास्त चांगली. सीडी १.२ मिलिमीटर जाड, आणि तिचा डेटा वरच्या बाजूला, छापील लेबलच्या लगेच खाली, पातळ लाखेच्या थराआड. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन थरांच्या मधोमध. म्हणून सीडी खालून ओरखडली तर घासून, पॉलिश करून बहुधा वाचते. वरून ओरखडली तर चकचकीत थरासकट डेटा निघून जातो. माणसं मात्र नेमकी खालची बाजू जपतात आणि वर बॉलपेनने दाबून नाव लिहितात.

पडताळणीबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये २३५२ बाइट असतात. त्यातले आपले २०४८. बाकीचे ओळख पटवायला आणि चुका दुरुस्त करायला. गाण्याच्या सीडीत सगळे २३५२ गाण्याला वापरतात, कारण तिथे एखादा तुकडा हुकला तरी प्लेअर मागच्या-पुढच्यावरून अंदाज बांधतो आणि कानाला कळत नाही. पुस्तकाच्या फाइलीत असा अंदाज चालत नाही. या दुरुस्तीच्या सोयीमुळेच वाईट लिहिलेली सीडी पहिल्या दिवशी अगदी चांगली वाटते. चुका भरपूर असतात, पण ड्राइव्ह त्या गुपचूप सुधारून देतो. पुढे रंगद्रव्य थोडं उडतं, दमट हवा लागते, चुका वाढतात, आणि ज्या दिवशी त्या दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर जातात त्या दिवशी फाइल एकदम उघडेनाशी होते.

म्हणून नुसतं ‘उघडते’ हे मला पुरत नाही. लिहिण्याआधी सगळ्या फाइलींचे एमडी५ आकडे (फाइलीच्या मजकुरावरून निघणारी खूण, मजकूर जरा बदलला तरी ती बदलते) काढून ते सीडीतच ठेवते. सीडी लिहून झाली की बाहेर काढते, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालते आणि तिथे ते आकडे पुन्हा काढून ताडते. त्याच रायटरने पडताळलं तर तो स्वतःचं अक्षर स्वतः वाचतो. त्यात काही सिद्ध होत नाही. ठेवणीतल्या प्रती असतील तर चुकांचं मोजमापही बघते. सीडीच्या मानकात सी-१ जातीच्या, म्हणजे दुरुस्तीच्या पहिल्या पायरीवर सापडणाऱ्या, चुका सेकंदाला २२० पर्यंत चालतात, पण चांगल्या चकतीवर त्या फारच कमी येतात. सी-२, म्हणजे त्या पायरीवर न सुधारलेल्या, शून्य असायला हव्यात. आलेख बाहेरच्या कडेला वर चढत गेला तर ती प्रत मी ठेवत नाही. सीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरची कड सगळ्यांत आधी बिघडते, त्यामुळे शेवटचे ५०-६० एमबी मी रिकामेच सोडते.

यातलं कितपत खरं ठरलं ते अलीकडे बघायला मिळालं. एका प्रकाशकांना वीस वर्षांपूर्वीच्या काही पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या काढायच्या होत्या. त्यांच्याकडच्या प्रती कार्यालय बदलताना गहाळ झालेल्या. कपाटातल्या चकत्या काढल्या, आणि वाचायला सुरुवात केली.

सावलीत, उभ्या, प्लास्टिकच्या डबीत ठेवलेल्या चांगल्या कारखान्याच्या सीड्या जवळजवळ सगळ्या जशाच्या तशा उतरल्या. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांच्या अल्बममध्ये ठेवलेल्यांना साताऱ्याच्या पावसाळ्याने गाठलं होतं. पाकीट चकतीला चिकटलेलं. सगळ्यांत वाईट अवस्था कागदी स्टिकर लावलेल्यांची. ते गोल स्टिकर एके काळी फार शोभिवंत वाटायचे. वर्षांनुवर्षं डिंक आणि कागद ओल धरतो, आकसतो, कडेने सुटतो, आणि सुटताना लाख व चकचकीत थर बरोबर घेऊन येतो. उजेडात धरली तर तिथून आरपार दिसतं. तो स्टिकर काढायचा प्रयत्न कोणी करू नये. आहे तसा ठेवून आधी वाचता येईल तेवढं वाचून घ्यावं.

वाचायची रीत अशी ठेवली. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. एक्सप्लोररमधून फाइली ओढायच्या नाहीत, कारण एका सेक्टरपाशी अडलं की सगळंच थांबतं. आधी पूर्ण चकतीची इमेज घ्यायची. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू यासाठी उत्तम: सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेलं मागे ठेवतं, मग तिथे पुन्हा पुन्हा जातं, आणि काय राहिलं याची नोंद फाइलीत ठेवतं. त्या नोंदीमुळे तीच सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेले सेक्टर मागता येतात. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी असते; एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. आणि एमडी५ची यादी आतच असल्यामुळे कुठली फाइल अस्सल उतरली, कुठली अर्धवट, हे लगेच कळतं. त्या यादीने माझं फार मोठं काम वाचवलं.

फाइल उतरली तरी पुढे श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीतला मजकूर युनिकोडमध्ये आणणं, पेजमेकर चालवायला जुनं विंडोज शोधणं हे आहेच, पण तो स्वतंत्र विषय.

आता मी ठेवणीच्या प्रती दोन हार्डडिस्कवर आणि एक २५ जीबीच्या ब्लू-रे चकतीवर ठेवते. हार्डडिस्कवरचं चुकून पुसलं जाऊ शकतं, एकदा लिहिलेल्या चकतीवरचं पुसलं जात नाही, म्हणून चकती मी सोडलेली नाही. साधी बीडी-आर (लिहिता येणारी ब्लू-रे) सीडीसारख्या सेंद्रिय रंगद्रव्यावर अवलंबून नसते, तिचा थर असेंद्रिय असतो. ‘एलटीएच’ लिहिलेल्या चकत्या तेवढ्या टाळायच्या, त्यांत पुन्हा सेंद्रिय रंगद्रव्यच असतं. रायटर बाहेरून यूएसबीला जोडायचा. इथेही पहिल्यांदा लिहिणं मध्येच तुटायचं. वाचताना व्यवस्थित, लिहायला लागला की थोड्या वेळाने गायब. लिहिताना लेझर आणि मोटर मिळून जास्त वीज ओढतात आणि लॅपटॉपच्या एका पोर्टला ती झेपत नाही. दोन तोंडांची यूएसबी केबल लावली, दुसरं तोंड वेगळ्या अडॅप्टरमध्ये, आणि तो त्रास संपला. हबमधून कधीही जोडायचा नाही.

चकत्या मिळणं मात्र अवघड होत चाललं आहे. चकत्या बनवणारी नोएडाची मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात निघाली, तैयो युडेनने २०१५ मध्येच हा धंदा सोडला, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे चकत्यांचं उत्पादन थांबवलं. अजून बनवणारे आहेत, पण दुकानात सहज मिळायचे दिवस गेले. म्हणून ज्यांच्या घरी पुस्तकांच्या, अंकांच्या, संस्थांच्या कागदपत्रांच्या जुन्या सीड्या पडून आहेत त्यांना मी भेटेल तिथे सांगते, ड्राइव्ह मिळतायत तोवर इमेज काढून घ्या. लिहायचं काय ते नंतर बघू.

सध्या माझ्याकडे २००३ सालच्या एका दिवाळी अंकाची सीडी आहे. कविता, कथा, संपादकीय सगळं निघालं. बाहेरच्या कडेचं एक टिफ चित्र माझ्या तिन्ही ड्राइव्हमध्ये अडतं आहे. नोंदीत काहीशे सेक्टर बाकी दिसतात. कराडला एका परिचितांकडे जुना आयडीई रायटर अजून चालू आहे. पुढच्या आठवड्यात ती सीडी आणि नोंदीची फाइल घेऊन तिकडे जाणार आहे.